पट्टी कुणाच्या हाती

रविवारी कारखान्यातली यंत्रं बंद असतात, म्हणून या घरातली भांडणं रविवारी होतात. एरवी पुठ्ठ्याला घड्या पाडणारं यंत्र असं खडखडत असतं की कोण कुणाला काय म्हणालं ते ऐकूच येत नाही, आणि ऐकू न आल्यामुळे कितीतरी वाद आजवर जन्माआधीच मिटले आहेत. पण त्या रविवारी सकाळी दहाला कापणीच्या टेबलाभोवती सगळे जमले तेव्हा आत्याला कळून चुकलं, की हा वाद यंत्र चालू असतं तरी मिटला नसता.

टेबलाच्या टोकाला नेहमीसारखे अण्णा, आत्याचे थोरले भाऊ आणि खोक्यांच्या या कारखान्याचे मालक. त्यांच्या उजव्या हाताला त्यांचा थोरला मुलगा, डाव्या हाताला धाकटा आणि त्याची बायको. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि आज रात्रपाळी केल्यासारखी दिसत होती, पण रात्रपाळी नव्हती. थोरल्याची बायको उभी. ती शाळेत शिकवायची, म्हणून घरात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, आधी पाठीमागे आणि आता तोंडावरही. आणि टेबलाखाली, कातरणांच्या ढिगात, जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती साडेचार वर्षांची लवंगी, धाकट्याची मुलगी, आठ-दहा नमुन्याची खोकी मांडून बसली होती.

मोजपट्टी मास्तरणीच्या हातात होती. ही बैठकीची रीत आईपासूनची. आई म्हणजे अण्णांची आणि आत्याची आई, जिनं एक कात्री, खळीचं एक पातेलं आणि दोन मुलं एवढ्या भांडवलावर हा कारखाना उभा केला. पट्टी ज्याच्या हातात त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी तोंडं मिटून बसायचं. आई गेल्यावर मालकी अण्णांकडे गेली आणि पट्टी आत्याकडे आली, कारण कापणी तिच्याकडे होती. त्यावरून अण्णांनी तेव्हा धरलेला अबोला चांगला पावसाळाभर टिकला होता. असो.

मास्तरणीनं पर्समधून शाळेच्या मुलाखतीचा कागद काढला.

"'रोजच्या वापरातल्या वस्तू मुलीला ओळखता येत नाहीत. दहापैकी शून्य. यंदा प्रवेश देता येणार नाही,'" ती वाचत होती. "शून्य, अण्णा! मी त्या शाळेच्या बाईंकडे शब्द टाकला होता. म्हटलं होतं, आमची मुलगी आहे, हुशार आहे. छत्रीचं चित्र दाखवलं तर म्हणाली, वटवाघळाचा फ्रॉक."

थोरल्याला हसू फुटलं. ते त्यानं खोकल्यात लपवलं, पण बायकोच्या नजरेतून सुटलं नाही.

"हसा. किल्ली दाखवली, तर दाराची जीभ. कात्री, तर दोन भावांचं भांडण. बस, तर माणसांची पेटी. आणि घड्याळ दाखवलं तर काय म्हणाली माहीत आहे? अण्णा."

"मी?" अण्णा म्हणाले. पट्टी हातात नसताना बोलायची सूट त्यांनी स्वतःला कायमची दिलेली होती.

आत्यानं खाली मान घातली. दाराची जीभ! काय झकास सुचलं पोरीला. अंगाशी आलेलं असतानाही तिला मनातून शाबासकी दिल्याशिवाय राहवेना. पण तोंडावर काही दिसू द्यायची सोय नव्हती, कारण हे सगळं शिक्षण कुठलं हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

लवंगी दोन वर्षांची असल्यापासून दुपारी कारखान्यात असायची. आईबाप दोघं कामावर, तेव्हा आत्या म्हणाली होती, माझ्याकडे राहू दे. आली तेव्हा पोर मुकीच म्हणायची. बोट दाखवायची नि रडायची. आत्यानं तिला शिकवलं काहीच नाही, आत्याच चार इयत्ता शिकलेली. तिनं फक्त गोष्टी सांगितल्या. पुठ्ठा कापता कापता, सुतळी बांधता बांधता, रुसलेल्या झाकणाची गोष्ट, दोन खोक्यांच्या मैत्रीची गोष्ट. मध्येच थांबायची आणि विचारायची, "मग गं?" पहिले काही महिने लवंगी नुसती टकामका बघायची. एक दिवस म्हणाली, "मग झाकण ललं," म्हणजे रडलं. तेव्हापासून जी सुरू झाली ती थांबेना.

आणि मग तो खेळ. तोही आईचाच, खळ लावून लावून मुलांची बोटं कंटाळली की काढलेला. पट्टीनं टेबलावर एक टक वाजवला की खेळ सुरू. मग कुठल्याच वस्तूला तिच्या खऱ्या नावानं हाक मारायची नाही. मारली की बाद. नवं नाव द्यायचं, आणि कुणी "का?" विचारलं तर कारणही सांगता आलं पाहिजे. दोन टक वाजले की खेळ संपला. वाजवायचे कुणी? ज्यानं सुरू केला त्यानंच. नाहीतर हरायला लागलेला जो तो आपलाच टकटक करून मोकळा झाला असता.

आत्याला एकच गोष्ट उमगत नव्हती. खेळ खेळाच्या जागी, खरं खऱ्याच्या जागी, हे लवंगीला कधीच कळलं होतं. दोन टक वाजले की ती शहाण्यासारखी "आत्या, चप्पल दे" म्हणायची. मग शाळेत जाऊन हा खेळ खेळायची तिला बुद्धी कशी झाली?

"माझं म्हणणं साधं आहे," मास्तरीण म्हणाली. "दुपारी अडीच ते सहा ती इथं कातरणात लोळते. उद्यापासून माझ्या दुपारच्या शिकवणीच्या वर्गात बसेल. रोज पंधरा चित्रं, पंधरा शब्द. वर्षभरात घडी बसेल. आत्यांना कुणी वाईट म्हणत नाही. त्यांनी सांभाळलं, जीव लावला. पण सांभाळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं."

एकसष्ट वर्षांत तिनं पुष्कळ गोष्टी सोडल्या होत्या, आणि सोडताना कधी हूं की चूं केलं नव्हतं. लग्न राहिलं, त्याचंही काही वाटलं नाही. पण दुपारची लवंगी तिला सोडायची नव्हती. हे तिला इतकं स्वच्छ कळलं की तिची तिलाच लाज वाटली.

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला.

"तुमची पाळी नाही. ती कुठंय तुमच्या हातात?" मग जाड आवाजात, "मला नाही लागत ती." मग पुन्हा बारीक, "लागते. सगळ्यांना लागते."

सगळे वाकले. लवंगीनं खोकी गोल मांडली होती आणि पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी त्यातल्या एका खोक्याला टेकवून उभी केली होती. बैठक भरली होती. मोठं, कोपरा चेमटलेलं ते अण्णा, यात शंका नव्हती.

"सगळ्यांनी काकूला ओरडायचं नाही," लवंगी त्या खोक्याला दटावत होती. "काकूला त्या बाई बोलल्या ना. म्हणून ती ओरडते. तिला रडू आलंय, ते तिनं आत ठेवलंय." तिनं लांब उभं असलेलं एक उंच खोकं उचललं. "आणि तिला बसायला पण नाही दिलं कुणी. सरका, सरका. दमली ती."

मास्तरीण खरंच मघापासून उभी होती. पाच माणसं स्टुलांवर बसली होती आणि एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं, तिच्या नवऱ्याच्या तर मुळीच नाही. थोरला दचकून उठला, स्वतःचं स्टूल त्यानं तिच्यापुढे सरकवलं. मास्तरीण बसली. तिनं कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. तिला पट्टीचंही भान राहिलं नसावं, कारण धाकट्यानं ती हातातून घेतली तरी तिनं मान वर केली नाही.

"मला वाटतं वहिनी म्हणते ते बरोबर आहे," धाकटा म्हणाला. तो आत्याकडे बघत नव्हता. आत्यानंच त्याला वाढवला होता, आणि नजर चुकवायची त्याची ही सवय तिच्या ओळखीची होती. "आत्या, तुझं प्रेम आहे, पण... हिला विचार. घरात काय चाललंय ते हिलाच माहीत."

पट्टी लवंगीच्या आईकडे गेली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली.

"मला शाळेचं एवढं नाही हो," ती हळू म्हणाली. "शाळा काय, पुढल्या वर्षी मिळेल. मला भीती वेगळीच वाटते. ती घरातही तसंच बोलते. पाणी मागत नाही, 'नळाची दोरी' म्हणते. उशीला उशी म्हणत नाही. आधी मी हसले. मग रागावले. परवा एक धपाटा पण घातला. ती रडली, पण पाणी नाही म्हणाली, आत्या. तहान लागलेली असताना नाही म्हणाली."

"कधीपासून?" अण्णांनी विचारलं.

"गुरुवारपासून. त्या शाळेतून आणलं तेव्हापासून. मी रजा काढून घरीच ठेवली तिला, इकडे पाठवलीच नाही. आणि दुसरं एक करते. कशावर तरी दोनदा टकटक करते. ताटावर, माझ्या गुडघ्यावर, भिंतीवर. आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहते, मी काहीतरी करावं तशी. मी काय करू? मी लॅबमधल्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले मेंदूच्या माणसाला दाखवा." तिचा आवाज फाटला. "उद्याची वेळ घेतलीय."

आत्यानं बोटांवर दिवस मोजले.

गुरुवार. गुरुवारी अडीचलाच तिनं एक टक वाजवला होता. तीनला ती यंत्रात पुठ्ठा सरकवत होती, हात अडकलेले, आणि लवंगीची आई दारातून ओरडली होती, आत्या, हिला नेते हं, मुलाखत आजच आहे! आत्यानं मानेनंच हो म्हटलं होतं. यंत्र खडखडत होतं. लवंगी दाराशी थांबली होती, तिच्याकडे बघत, आणि आत्यानं तिला हसून नुसतं जा म्हणून खुणावलं होतं.

दोन टक वाजवायचे राहून गेले होते.

पोर तीन दिवस खेळातच होती. धपाटा खाऊन, तहानेनं घसा कोरडा पडलेला असताना, ती बाद व्हायला तयार नव्हती. आणि "पट्टी वाजव" असं सांगायचीही सोय नव्हती तिला, कारण पट्टी हे तर पट्टीचं खरं नाव.

आता गप्प बसणं फार सोपं होतं. बैठक उठली असती, सगळे पांगले असते, आत्यानं जाता जाता टेबलावर हळूच दोन टक वाजवले असते. पोर घरी जाऊन पाणी म्हणाली असती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता, आणि आत्याचं नावही कुठं आलं नसतं. कबूल केलं, तर मात्र लवंगीच्या दुपारी गेल्याच म्हणायच्या. असल्या बाईकडे कोण पोर ठेवील?

हा हिशेब तिच्या डोक्यात आला, नाही असं नाही. तो आला आणि टेबलाखाली लवंगी चेमटलेल्या खोक्याला काहीतरी समजावत होती, ते तिला ऐकू आलं. पोरगी तीन दिवस थांबली होती. आता आणखी एक मिनिटही तिला थांबवायचं म्हणजे काय?

पट्टी तोवर पुन्हा मास्तरणीकडे गेली होती.

"ती पट्टी दे इकडे," आत्या म्हणाली.

"आत्या, माझं पुरं होऊ द्या. मग तुमची पाळी."

"बोलायचं नाही मला. वाजवायची आहे."

"वाजवायची?"

"माझी चूक झालीय," आत्या उभी राहिली. "पोरीला काही झालेलं नाही. मेंदूबिंदू काही नाही. गुरुवारी मी खेळ सुरू केला आणि संपवायला विसरले. ती अजून खेळतेय. शाळेत गेली तेव्हाही खेळातच होती. दहापैकी शून्य तिला नाही, मला मिळालंय. दे ती पट्टी."

लवंगीची आई तोंड उघडं टाकून बघत राहिली. मास्तरणीनं पट्टी पुढे केली खरी, पण सोडली नाही. "कुठला खेळ? खेळासाठी कुणी तीन दिवस..."

"मी एक दिवस काढला होता," अण्णा म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. अण्णा खिडकीकडे बघत होते.

"आई बाजारात गेली होती दोन टक न वाजवता. मी सात वर्षांचा. दिवसभर आमच्या वडिलांना स्टुलावरचं घुबड म्हणत होतो. वस्तूंना म्हणायचं होतं, पण मी जरा पुढे गेलो. संध्याकाळी थोबाडीत बसली, तेव्हाही घुबडच म्हणालो." त्यांनी गालावरून हात फिरवला, जणू वळ अजून तिथं होता. "बाद कसं व्हायचं? अगं दे तिला पट्टी. पोर ताटकळलीय."

पट्टी आत्याच्या हातात आली. तिनं टेबलावर वाजवले, एक, दोन.

खाली खोकी धडाधड पडली. लवंगी बाहेर आली, केसांत कातरण, गाल लाल.

"संपला?"

"संपला."

"नक्की?"

"नक्की गं राणी."

"किती वेळ लावलास!" लवंगी म्हणाली. मग ती आईकडे वळली, आणि घाईघाईनं, जसं काही परत कुणी टक वाजवेल, म्हणाली, "आई, पाणी दे. पाणी, पाणी, पाणी."

तिची आई उठली, पण माठाकडे जायचं सोडून तिनं लवंगीलाच उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली. पाणी शेवटी धाकट्यानं आणलं. लवंगीनं दोन पेले घटाघट संपवले आणि मधेच आईचे डोळे पेल्याच्या हातानंच पुसले, त्यामुळे ते आणखीच ओले झाले.

आत्यानं पट्टी टेबलावर ठेवली. "झालं ते झालं. उद्यापासून तिला तुझ्या वर्गात ने," ती मास्तरणीला म्हणाली. "मी अडवणार नाही."

मास्तरणीनं पर्समधून चित्रांचा गठ्ठा काढला. तिच्या वर्गातलाच होता, ती तो घरीदारी घेऊन फिरे. तिनं एकेक चित्र वर धरलं.

"छत्री," लवंगी म्हणाली. "किल्ली. कात्री. बस. शिडी. मासा." ती इतकी कंटाळून सांगत होती की शेवटची तीन तर तिनं चित्र पुरतं वर यायच्या आधीच ओळखली. "घड्याळ. सगळं सोपंच आहे की काकू."

मास्तरणीनं घड्याळाचं चित्र तसंच धरून ठेवलं. ती वीस वर्षं मुलांना चित्रं दाखवत होती, आणि आता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"मग परवा अण्णा का म्हणालीस गं?"

लवंगीचा चेहरा उजळला. तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी "का?" विचारलं होतं.

"दोघांकडे बघितलं की सगळे पळायला लागतात म्हणून."

आधी हसले ते अण्णाच. थोरल्याला या वेळी खोकल्याची गरज पडली नाही.

"त्या बाईंनी विचारलं नाही का, असं?" मास्तरीण म्हणाली.

"नाही. मी थांबले होते सांगायला. त्या लिहीतच बसल्या."

मास्तरणीनं चित्रं गोळा केली, कडा टेबलावर आपटून सरळ केल्या. मग आत्याकडे न बघता म्हणाली, "मीही नाही विचारत. माझ्या वर्गात चौदा मुलं आहेत, आणि मला नाही आठवत, मी कधी कुणाला विचारलं." ती उठली. "उद्या त्या बाईंना मी जाऊन सांगते. प्रवेश देतील न देतील, त्यांचा प्रश्न. शाळा ही एकच नाही. पण दुपारी लवंगी इथंच येईल. आणि शनिवारी माझा वर्ग नसतो. आत्या, शनिवारी मी आले तर चालेल?"

"खेळात पाळीनं बसावं लागेल तुला," आत्या म्हणाली. तिनं मास्तरणीचं स्टूल आपल्या शेजारी ओढून ठेवलं.

"आणि हा खेळ?" लवंगीच्या आईनं डोळे पुसत विचारलं. "खेळा, पण परत असं झालं तर? आत्या, तुम्ही पुन्हा कामात असलात, मी पुन्हा घाईत आले तर?"

प्रश्न रास्त होता. सगळे आत्याकडे बघायला लागले.

लवंगी आईच्या कडेवरून खाली उतरली. टाचा उंच करून तिनं टेबलावरची पट्टी ओढून घेतली. पट्टी तिच्यापेक्षा थोडी बुटकी, एवढंच. तिनं ती खांद्याशी धरली, अण्णांकडे बघितलं, मग आत्याकडे.

"आता ही माझ्याकडे राहील," ती म्हणाली.

"का गं?" अण्णांनी विचारलं.

"आत्या विसरते," लवंगी म्हणाली. "मी नाही विसरत."

या पट्टीवरून अण्णा एक अख्खा पावसाळा बहिणीशी बोलले नव्हते. त्यांनी आत्याकडे पाहिलं, आत्यानं त्यांच्याकडे, आणि दोघांपैकी एकानंही ती परत मागितली नाही.